व्हायब्राफोन मागे सरकतो तेव्हा: रॉय एअर्सचं प्रकरण

‘एव्हरीबडी लव्ह्ज द सनशाइन’ हे १९७६ सालचं गाणं हेडफोन लावून ऐका. पियानो संथ वाजत असतो, चार मिनिटांत त्याला कुठेच जायची घाई नसते. त्याच्या डोक्यावर सिंथेसायझरचा एक उंच, लांबलचक सूर ताणून धरलेला. मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते ना, तसा तो सूर थरथरतो. गाणारे गातात तेही जवळजवळ बोलल्यासारखं. या सगळ्यात व्हायब्राफोन आहे, पण तो शोधावा लागतो. आणि ज्याच्या नावावर हे गाणं आहे, तो रॉय एअर्स व्यवसायाने व्हायब्राफोनवादक.

एखाद्या सतारियाची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे जिच्यात सतार जेमतेम ऐकू येते, असं कुणी सांगितलं तर आपण थट्टा समजू. जॅझमध्ये तर ती आणखीच मोठी थट्टा, कारण तिथे वादकाची पत त्याच्या सोलोवर, म्हणजे एकट्याने पुढे येऊन केलेल्या वादनावर ठरते. तरीही या माणसाची कारकीर्द साठ वर्षांहून जास्त चालली. १० सप्टेंबर १९४० ला लॉस एंजेलिसमध्ये जन्म, ४ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये मृत्यू, वय ८४. त्याच्याहून तल्लख हात असलेले व्हायब्राफोनवादक त्याच काळात, त्याच शहरात होते. मग सुपरमार्केटात, सलूनमध्ये, कुणाच्या तरी गाडीत आजही वाजतो तो हाच, असं का? माझ्या मते याचं उत्तर १९७० च्या आसपास त्याने घेतलेल्या एका निर्णयात आहे. तो निर्णय समजायचा तर आधी वाद्याचा स्वभाव बघावा लागेल.

व्हायब्राफोन म्हणजे लाकडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, उभ्याने वाजवायचं वाद्य. नेहमीच्या वाद्याला ३७ पट्ट्या, म्हणजे तीन सप्तकं. प्रत्येक पट्टीखाली एक नळी, नळीच्या तोंडाशी एक चकती, आणि सगळ्या चकत्या एका मोटरने फिरतात. चकती फिरली की नळीचं तोंड उघडतं, मिटतं, आणि सूर हेलकावे खातो. खाली पियानोसारखं पेडल असतं. पाय उचलला की नमद्याची पट्टी सूर दाबते, पाय ठेवला की सूर हवेत तरंगत राहतो. हातात लोकर किंवा दोरा गुंडाळलेल्या डोक्याच्या काठ्या, ज्यांना मॅलेट म्हणतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत हे वाद्य बनलं ते तमाशेवाईक रंगमंचांसाठी, नवलाची वस्तू म्हणून. १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणात लायोनेल हॅम्प्टनने ते वाजवलं आणि तिथून ते जॅझमध्ये स्थिरावलं. आपल्या कानांना ते अनोळखी नाही. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत रात्र पडते, नायिका खिडकीशी येते आणि मागे काहीतरी चांदण्यासारखं ठिबकतं, ते पुष्कळदा हेच. केर्सी लॉर्ड यांच्यासारखे मुंबईचे वादक ते सराईतपणे वाजवत.

या वाद्याची अडचण अशी, की सूर एकदा निघाला की वादकाचा त्याच्यावर फारसा ताबा राहत नाही. सॅक्सोफोनवाला सूर चिरडू शकतो, वर ओढू शकतो, त्यात रडू शकतो. व्हायब्राफोनवाला पट्टीवर घाव घालतो आणि सूर विझायची वाट बघतो. मींड नाही. संतूरबद्दल आपल्याकडे नेमकी हीच तक्रार होती. शिवकुमार शर्मांनी त्यावर वाद्य बदललं, तारांची रचना बदलली, वादनाची पद्धत बदलली, आणि संतूरला रागाच्या मैफलीत बसवलं. एअर्सने उलटा रस्ता धरला. त्याने वाद्याला हात लावला नाही, वाद्याच्या भोवतालचं सगळं बदललं.

लॉस एंजेलिसचा दक्षिण भाग, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूचा परिसर. १९४० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या संगीताची ही तिथली मुख्य पेठ होती. एअर्सची आई पियानो शिकवायची, वडील ट्रॉम्बोन वाजवायचे. पाच वर्षांचा असताना आईवडील त्याला हॅम्प्टनच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. पोरगं बेभान नाचत होतं. कार्यक्रम संपताना हॅम्प्टन प्रेक्षकांतून चालत आला आणि त्याने आपल्या मॅलेट्स त्या पोराच्या हातात दिल्या. ही गोष्ट एअर्सने आयुष्यभर सांगितली, आणि त्याच्यावरच्या प्रत्येक लेखात ती येते. मला मात्र या गोष्टीपेक्षा तिच्यानंतरची बारा वर्षं जास्त बोलकी वाटतात. मॅलेट्स पाचव्या वर्षी मिळाल्या, व्हायब्राफोन मिळाला सतराव्या वर्षी. मधल्या काळात पोरगं पियानोकडे वळलं, स्टील गिटारकडे वळलं, गायलं. म्हणजे वाद्य हाती आलं तेव्हा कान आधीच गाण्याच्या अंगाने तयार झाला होता. पुढे जे झालं त्याचा माग मला इथे लागतो.

सुरुवात अगदी रीतसर जॅझवाल्याची. १९६२ मध्ये सॅक्सोफोनवादक कर्टिस एमीबरोबर ध्वनिमुद्रण, मग पियानोवादक जॅक विल्सनच्या चमूत, जेराल्ड विल्सनच्या मोठ्या वाद्यवृंदात. १९६३ मध्ये ‘वेस्ट कोस्ट व्हाइब्ज’ हा स्वतःच्या नावाचा पहिला आल्बम, निर्माता समीक्षक लेनर्ड फेदर. आज तो ऐकला तर चांगला, स्वच्छ, होतकरू वादक दिसतो. मिल्ट जॅक्सन हा तेव्हाचा या वाद्यातला मोठा माणूस, आणि त्याची छाया पानोपानी.

इथे बॉबी हचर्सनला आणलं पाहिजे. प्रकरण अभ्यासाला तुलनेचं उदाहरण लागतं आणि इतकं चोख उदाहरण क्वचित सापडतं. हचर्सनही लॉस एंजेलिस भागातलाच, जन्म जानेवारी १९४१, म्हणजे एअर्सपेक्षा चार महिन्यांनी लहान. वाद्य तेच. दोघांची ओळख पोरवयापासूनची. हचर्सन न्यूयॉर्कला गेला आणि १९६४ मध्ये सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीच्या ‘आउट टू लंच’वर वाजला. तिथे व्हायब्राफोन पियानोची जागा घेतो आणि ताल, सूर, मोकळी जागा या सगळ्यांशी असा खेळतो की आजही ऐकताना दचकायला होतं. पुढे ब्लू नोट कंपनीसाठी त्याने एकाहून एक सरस आल्बम केले. २०१० मध्ये अमेरिकी सरकारच्या कला-निधीने त्याला ‘जॅझ मास्टर’ हा मान दिला. वाद्य पुढे नेण्याच्या हिशोबात हचर्सन एअर्सच्या कितीतरी पुढे आहे. यात वादाला जागा नाही, आणि एअर्सचा चाहता म्हणून मला ते कबूल करायला अवघडही वाटत नाही. फक्त हचर्सनचं नाव जॅझच्या घराबाहेर फार कमी लोकांना ठाऊक आहे.

१९६६. लॉस एंजेलिसजवळ हर्मोसा बीचला लाइटहाउस नावाचा क्लब होता. तिथे बासरीवादक हर्बी मॅनचा चमू वाजवायला आला. चमूतला बेसवादक रेजी वर्कमन ओळखीचा, त्याने एअर्सला एका रात्री मंचावर बोलावलं. मॅनला तो आवडला आणि एअर्स चार वर्षं त्याच्याबरोबर राहिला.

हर्बी मॅन जॅझवाल्यांच्या नजरेत जरा हलका माणूस होता. आज ब्राझीलचं संगीत, उद्या मध्यपूर्वेचं, परवा सोल हे कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत. जे चालेल ते घ्यायचा, आणि त्याचं चालायचंही. समीक्षक नाकं मुरडत. १९६९ मध्ये आलेल्या त्याच्या ‘मेम्फिस अंडरग्राउंड’ने विक्रीत मुसंडी मारली. तो आल्बम मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत झाला, तिथल्या रोजंदारीच्या तालवादकांना घेऊन. ही मंडळी सोल आणि पॉप गाण्यांना साथ करणारी, जॅझशी त्यांचा संबंध नाही. मॅन, एअर्स आणि गिटारवादक लॅरी कोरिएल, सनी शॅरॉक हे वरून वाजवतात. खाली ताल एका जागी पाय रोवून उभा. स्वरसंवाद बदलतच नाहीत म्हटलं तरी चालेल. दहा-दहा मिनिटं तोच ठेका, आणि तरी कंटाळा येत नाही. चांगला तबलजी विलंबित ठेका नुसता धरून बसतो आणि त्या धरण्यातच रंग भरतो, त्याच जातीचं हे काम.

मॅनच्या हाताखाली एअर्स बहुधा हेच शिकला. मॅनने त्याचे तीन आल्बम अटलांटिक कंपनीसाठी काढून दिले. त्यातल्या १९६८ च्या ‘स्टोन्ड सोल पिकनिक’वर हर्बी हॅनकॉक, रॉन कार्टर, गॅरी बार्ट्झ अशी दबदब्याची माणसं आहेत. पण हे तीन आल्बम आणि ‘मेम्फिस अंडरग्राउंड’ पाठोपाठ ऐकले की दिसतं, स्वतःच्या आल्बमवर एअर्स अजून ‘वादक’ आहे. सोलो घेतो, पाळी संपली की बाजूला होतो. मेम्फिसवाल्या ठेक्याचं काय करायचं ते त्याला अजून सुचलेलं नाही.

सुचलं ते १९७० मध्ये. मॅनला सोडून त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा चमू उभारला, पॉलिडोर कंपनीशी करार केला आणि चमूचं नाव ठेवलं ‘युबिक्विटी’. शब्दाचा अर्थ एकाच वेळी सगळीकडे असणं. आपल्याकडे हे विशेषण आपण देवाखेरीज कुणाला लावत नाही. एका व्हायब्राफोनवाल्याने ते उचलून पाटीवर रंगवलं. तेव्हा ही बढाई असेल. पन्नास वर्षांनी तिचा अक्षरशः अर्थ लागला.

बदल एका रात्रीत झाला नाही. १९७१-७२ च्या आल्बमवर चाचपडणं ऐकू येतं. १९७२ च्या ‘ही इज कमिंग’वर पियानोवादक हॅरी व्हिटेकरचं ‘वी लिव्ह इन ब्रुकलिन, बेबी’ आहे, आणि तिथे काहीतरी जुळलं. बेसची एकच जाडजूड ओळ, तिच्या भोवती तंतुवाद्यं गुरगुरतात, आणि गायक मोजके शब्द पुनःपुन्हा म्हणतात: आम्ही ब्रुकलिनमध्ये राहतो, आम्ही तग धरायचा प्रयत्न करतोय. सोलो नाही, कथा नाही. एक वस्ती उभी राहते आणि गाणं संपतं. पुढच्या वर्षी अभिनेत्री पॅम ग्रियरच्या ‘कॉफी’ या मारधाडपटाला एअर्सने संगीत दिलं. चित्रपटसंगीताचा नियमच असा, की वाद्याने प्रसंगाची हवा तयार करायची आणि मधे यायचं नाही. व्हायब्राफोन त्या आल्बमवर भरपूर आहे, पण पाठलागाची धास्ती, रात्रीचा रस्ता, थंड डोक्याची बाई, यांच्या कामाला जुंपलेला. (क्वेंटिन टॅरंटिनोने १९९७ मध्ये पॅम ग्रियरलाच घेऊन ‘जॅकी ब्राउन’ केला तेव्हा ‘कॉफी’चे अनेक तुकडे जसेच्या तसे उचलले. एअर्सचं संगीत पुन्हा कामाला येण्याची ही काही पहिली खेप नव्हती, शेवटचीही नाही.)

तर निर्णय असा होता. व्हायब्राफोनचं वैशिष्ट्य म्हणजे सुराची शेपटी, घाव पडून गेल्यावर हवेत राहणारी झिलई. जॅझवाले त्या शेपटीवर मात करायला बघत. पेडल नेमकं सोडायचं, सूर कापायचे, ओळ सॅक्सोफोनसारखी धावती ठेवायची. एअर्सने घाव कमी केले आणि शेपटी मोठी केली. मग ती झिलई त्याने पूर्ण चमूला वाटून दिली. विजेचा पियानो झिलईदार, सिंथेसायझर झिलईदार, गाणाऱ्यांचे आवाजही एकमेकांत विरघळलेले. आख्खा चमूच एक मोठा व्हायब्राफोन, असं मी मनाशी म्हणतो. खरा व्हायब्राफोन त्यातली एक पट्टी.

आता पुन्हा ते गाणं. १९७६, न्यूयॉर्कचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ, जिमी हेंड्रिक्सने बांधलेला. उन्हाचा दिवस, आणि एअर्सच्या डोक्यात एक ओळ आली, ‘सगळ्यांनाच ऊन आवडतं’. ध्वनिमुद्रण झालं रात्री, सूर्य केव्हाच मावळल्यावर. त्याने नंतर एका मुलाखतीत सांगितलं आहे, की आवाज कसा हवा ते त्याला पक्कं ठाऊक होतं: व्हायब्राफोन, पियानो आणि सिंथेसायझर यांचं मिश्रण. त्याला मिश्रण हवं होतं आणि त्यात स्वतःचं वाद्य एक तृतीयांश. पियानो आणि सिंथेसायझर सांभाळणारा फिलिप वू हा तरुण मुलगा, आणि गाण्याचा चेहरा म्हणून आज जे ओळखलं जातं ते त्याच्या बोटांचं. चमूच्या म्होरक्याने आपल्या सर्वांत मोठ्या गाण्याचा चेहरा दुसऱ्याच्या बोटांना देऊन टाकावा, आणि त्याचं त्याला काहीच वाटू नये!

शब्द तर असे की शाळेतल्या पोराने लिहावेत. माणसं उन्हात रमतात, माणसं उन्हात रापतात, मधमाश्या, फुलं आणि असलंच काहीबाही. यात कवितेच्या अंगाने काहीच नाही. पण ‘रापतात’ हा शब्द कृष्णवर्णीय गाणाऱ्यांच्या तोंडी, १९७६ च्या न्यूयॉर्कमध्ये, शहर दिवाळखोरीच्या काठावरून नुकतंच मागे फिरलेलं असताना ऐकला की तो साधा राहत नाही. मग ‘माझं आयुष्य, माझं आयुष्य, माझं आयुष्य, माझं आयुष्य उन्हात’ अशी ओळ येते. सांगणं एवढंच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ऊन कुणाला आवडेल असंच मला वाटलं होतं. संध्याकाळी पुन्हा ऐकलं आणि पटलं.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं तो झपाटल्यासारखा काम करत होता. १९७७ मध्ये एडविन बर्डसाँगबरोबर लिहिलेलं ‘रनिंग अवे’ नाचघरांत चाललं. त्याच वर्षी त्याने सिनसिनाटीच्या एका चमूला ‘रॅम्प’ असं नाव दिलं. ते ‘रॉय एअर्स म्युझिक प्रॉडक्शन्स’चं संक्षिप्त रूप. त्यांचा ‘कम इन्टू नॉलेज’ हा एकमेव आल्बम त्याने तयार केला. तो बाजारात साफ आपटला. १९७९ मध्ये एअर्स नायजेरियात तिथल्या बंडखोर गायक फेला कुटीबरोबर दौऱ्यावर होता. फेलाच्या घरावर सैन्याने हल्ला करून ते जाळलं त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. दोघांचा ‘म्युझिक ऑफ मेनी कलर्स’ १९८० मध्ये आला: एका बाजूला एअर्सचं गाणं, दुसऱ्या बाजूला फेलाचं, दोन्ही अठरा मिनिटांच्या आसपास. परत आल्यावर त्याने ‘युनो मेलॉडिक’ हे स्वतःचं छोटं लेबल काढलं आणि सिल्व्हिया स्ट्रिपलिनसारख्या गायिकांचे आल्बम केले. तेही फारसे खपले नाहीत.

१९८० चं दशक मी चटकन ओलांडतो. कोलंबिया कंपनीचे आल्बम, ड्रम मशीन, त्या काळाची पॉलिश. १९८५ चं ‘हॉट’ नाचायला बरं आहे, आणि यापलीकडे मला त्याविषयी उत्साह नाही. तेव्हाच लंडनमध्ये मात्र वेगळं काही शिजत होतं. तिथले डीजे सत्तरच्या दशकातल्या, अमेरिकेने विसरलेल्या तबकड्या उकरून काढत, आणि त्या शोधाला त्यांनी ‘रेअर ग्रूव्ह’ असं नाव दिलं. त्या पेट्यांमध्ये एअर्स खच्चून भरलेला होता. रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये तो वर्षानुवर्षं वाजवायला जात राहिला, आणि समोर पंचविशीतली पोरं उभी राहून नाचत. जॅझच्या क्लबात हे दृश्य दुर्मीळ.

आणि मग हिपहॉप. इथे जरा थांबून हिशोब समजून घेऊ, कारण या प्रकरणाचा पैसा इथे आहे.

हिपहॉपचे निर्माते जुन्या तबकडीतला दोन-चार मात्रांचा तुकडा घेतात, त्याची पुनरावृत्ती करतात, वर ढोल चढवतात आणि त्यावर रॅप होतो. हे सॅम्पलिंग. तुकडा कसा हवा? त्याला स्वतःची घाई नको, कारण तो शंभर वेळा वाजणार. त्याच्या मधोमध कुणाचा सोलो नको, कारण रॅपरला तिथे जागा हवी. त्यात हवा हवी, झिलई हवी. म्हणजे ज्या गुणांमुळे जॅझचा समीक्षक १९७६ मध्ये ‘यात काही घडतच नाही’ म्हणत होता, नेमके तेच गुण. हचर्सनच्या वादनातून असा तुकडा कापणं अवघड, कारण तिथे दर मात्रेला काहीतरी घडत असतं. एअर्सची तबकडी मात्र कात्री लावायला आधीच आखून ठेवल्यासारखी.

१९९० मध्ये अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिपहॉप चमूने ‘बोनिटा अ‍ॅपलबम’साठी रॅम्पच्या ‘डेलाइट’मधला तुकडा घेतला. तेरा वर्षांपूर्वी आपटलेला तोच आल्बम. १९९४ मध्ये गायिका मेरी जे. ब्लाइजने ‘माय लाइफ’ केलं. पाया, शीर्षक, टेक, सगळं ‘सनशाइन’चं. १९९५ मध्ये ज्युनियर माफियाने ‘गेट मनी’साठी युनो मेलॉडिकवरचं सिल्व्हिया स्ट्रिपलिनचं गाणं उचललं. न खपलेल्या लेबलची तबकडी, आणि गाण्याचं नाव ‘पैसा मिळव’. नियतीला विनोदबुद्धी आहे म्हणायचं.

सुरुवातीला हे सगळं बिनधास्त चालायचं, पुष्कळदा विचारतसुद्धा नसत. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला आणि मोठ्या कंपन्यांना परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं परवडेनासं झालं. परवानगी दोघांची लागते. एक, त्या ध्वनिमुद्रणाचा मालक, बहुधा कंपनी. दोन, त्या रचनेचा मालक, म्हणजे ज्याने गाणं लिहिलं तो आणि त्याचा प्रकाशक. सोलो कितीही थोर असला तरी दुसऱ्याच्या गाण्यावर घेतला असेल तर रचनेच्या हक्कातला पैसा वादकाला मिळत नाही. एअर्स ‘सनशाइन’चा लेखक होता, ‘रनिंग अवे’चा सहलेखक होता. वादकाचा गीतकार झाला याचं मोल वीस वर्षांनी त्याच्या दारात आलं. १९७० मध्ये त्याला सॅम्पलिंगची चाहूल होती असं मी म्हणत नाही, तेव्हा ते यंत्रच नव्हतं. त्याने गाणं निवडलं कारण त्याला गाणं आवडत होतं. पण नशीब म्हणून सोडूनही देता येत नाही. त्या दहा-बारा वर्षांत त्याने इतकं लिहिलं, इतरांसाठी इतकं तयार केलं, की नंतर कुणी कोणतीही जुनी पेटी उघडली तरी तळाला त्याचं नाव सापडावं.

शिवाय तो नव्या पोरांवर रुसला नाही. त्याच्या पिढीतले कित्येक जण सॅम्पलिंगला चोरी म्हणत. एअर्स १९९३ मध्ये गुरू नावाच्या रॅपरच्या ‘जॅझमटाझ’वर स्वतः वाजवायला गेला, पुढे द रूट्स, एरिका बाडू, २०१५ मध्ये टायलर, द क्रिएटर. टायलर तर नातवाच्या वयाचा.

आता दुसरी बाजू. जॅझच्या इतिहासात व्हायब्राफोनचं प्रकरण काढलं तर हॅम्प्टन, मिल्ट जॅक्सन, हचर्सन, गॅरी बर्टन यांच्यानंतर एअर्सला एखादा परिच्छेद मिळतो, तोही ‘लोकप्रियतेकडे वळलेला’ अशा शेऱ्यासकट. हा शेरा मला अन्यायाचा वाटत नाही, अपुरा वाटतो. वाद्याच्या तंत्रात त्याने भर घातली नाही हे खरंच. उत्तरायुष्यात तर तो पुष्कळदा खरा व्हायब्राफोन सोडून मॅलेटकॅट हे रबरी पट्ट्यांचं इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवायचा. त्यात मोटर नाही, नळ्या नाहीत, धातूचा स्पर्श नाही. मला ते ऐकवत नाही. प्रवासाला सोपं पडत असेल, पण ज्या झिलईसाठी एवढा खटाटोप केला तीच त्यात कचकड्याची होते.

आणखी एक किंमत आहे, ती घरातली. नबील एअर्स हा त्याचा मुलगा, १९७२ चा जन्म. आईने एकटीने वाढवला, बाप त्याच्या आयुष्यात नव्हताच म्हटलं तरी चालेल. नबील पुढे संगीत व्यवसायातच गेला, ड्रम वाजवले, रेकॉर्ड कंपनी चालवली. २०२२ मध्ये त्याने या क्वचितच भेटलेल्या बापावर आठवणींचं पुस्तक लिहिलं. बाप समोर क्वचितच येतो, पण दुकानात, कॅफेत, टॅक्सीत त्याचं गाणं लागतं आणि ते बंद करणं आपल्या हातात नसतं. ‘युबिक्विटी’चा हा अर्थ १९७० मध्ये कुणाच्या मनात आला नसणार.

२०१८ च्या फेब्रुवारीत, सत्त्याहत्तरीत, एअर्स लॉस एंजेलिसला कार्यक्रम करायला गेला. एड्रियन यंग आणि अली शहीद मुहम्मद या निर्मात्यांनी तिथे त्याच्याबरोबर ‘जॅझ इज डेड’ मालिकेसाठी एक आल्बम ध्वनिमुद्रित केला. तो २०२० मध्ये आला. यातला अली शहीद म्हणजे अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचाच, ‘डेलाइट’चा तुकडा कापणाऱ्यांपैकी एक. सगळी गाणी नवी, यंत्रं मात्र जुनी, फीतसुद्धा जुन्या पद्धतीची. ज्यांनी त्याच्या तबकड्या कापून स्वतःचा सूर घडवला ते आता तोच सूर त्याच्यासमोर मांडून, यावर वाजवा, म्हणत होते. आल्बम ऐका. बेस पुढे आहे, ड्रम पुढे आहेत, बायकांचे आवाज आहेत, आणि मागे कुठेतरी, पेडल दाबून धरलेला, अ‍ॅल्युमिनियमचा एक सूर विझत असतो.